दहा अंशांचे खोटे

मी एक जुनी हॉटप्लेट आहे. चांदीच्या तारा तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत माझे आयुष्य गेले. मित्रांनो, या तारा केसाहून हजारपट बारीक असतात. माझ्यावर तेलाचे भांडे, तेलात काचेचा चंबू, आणि चंबूत थेंबथेंब सोडायचे चांदीच्या क्षाराचे द्रावण. एकशे साठ अंशांना तारा तयार होतात. आच कमी पडली की नुसते दाणे होतात, आणि ते फेकून द्यावे लागतात.

वय झाले तशी मी दहा अंश जास्तच दाखवू लागले. प्रयोगशाळेतल्या मदतनीस काकांनी ते बरोबर ओळखले. "आमची म्हातारी फुशारकी मारते," असे म्हणत ते मला एकशे सत्तरवर ठेवत. माझ्या अंगावर त्यांनी तशी चिठ्ठीही चिकटवली होती. तारांचे कौतुक झाले की अर्धे श्रेय ते मला देत, आणि मी फुगून जाई.

काका निवृत्त झाले. पुढे तपासणी समिती येणार म्हणून सगळे घासूनपुसून लख्ख झाले. त्यात ती चिठ्ठीही गेली.

मग एक संशोधक मुलगी आली. तिच्या बहिणीचे बाळ दिवस भरण्याआधीच जन्मले होते. झोपेत मध्येच श्वास घ्यायला विसरे. छातीवर चिकटवायची, श्वास थांबताच वाजणारी पट्टी तिला करायची होती. त्यासाठी या तारा हव्या होत्या, आणि प्रयोगशाळेत तिला मुदत महिनाअखेरपर्यंतच होती.

पहिल्या दिवशी दाणे. दुसऱ्या दिवशीही दाणेच. तिने चंबू बदलला, क्षार नवा आणला, तिला जेवणाचीही शुद्ध राहिली नाही. एकदा तिचा हात माझ्या बटणाकडे आला. वाढव गं बाई, वाढव! पण "एकशे साठवरच तर आहे," असे पुटपुटत तिने हात मागे घेतला. मी काय करणार? मला तापता येते, बोलता येत नाही.

"कृती तीच, सामान तेच," तिच्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "मग चुकतंय कुठे?"

"माझ्या हातालाच गुण नाही, मॅडम."

शेवटच्या दिवशी तिने बहिणीला फोन केला. "ताई, नाही जमलं गं मला. तू बाळाजवळ जागीच राहा." मग तिने मला नीट पुसले, बंद केले आणि ती गेली.

मित्रांनो, यंत्रांना जपा, असे सगळेच सांगतात. मला तर सर्वांनी जपलेच. मी एवढेच विनवते, माझ्यावर शंका घ्या. एक थर्मामीटर तेलात बुडवून पाहा. त्या पोरीने स्वतःला सतरा वेळा तपासले. मला एकदाही नाही.