सनकोटावर आलेला आळ

धनपालकाकांना या सगळ्यात मिळणार काय होतं, ते आधी मोजू. फार नाही. आजाराचं एक लहान नाव.

त्यांच्या पुतणीच्या, ऐश्वर्याच्या कागदावर डॉक्टरांनी दोन गोष्टी लिहिल्या होत्या. वर ‘मल्टिपल स्क्लेरोसिस’ आणि खाली, जाता जाता लिहिल्यासारखं, ‘ड जीवनसत्त्व कमी’. पहिलं नाव घेतलं की समोरच्याच्या हातातला कप हवेतच थांबतो. दुसरं घेतलं की समोरचा हसतो, “आमच्या हिचंबी कमीच हाय की!” म्हणतो आणि चहाचा घोट घेतो. काकांचा मुलगा केतन लग्नाचा होता. जयसिंगपूरचे पाहुणे घर बघायला येणार होते. वरचं नाव झाकून खालचं पुढं केलं, तर कप थांबणार नव्हता. नफा म्हणायचा तो एवढाच.

तो नफा ज्या अंगातून काढला, त्या अंगावर मी होतो. म्हणून मीच सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना सनकोट आहे. माझं कापड इचलकरंजीच्या मागावर विणलं गेलं आणि मला शिवलं कोल्हापुरात. पांढऱ्यावर निळी बारीक फुलं, बाह्या थेट बोटांपर्यंत, डोक्याला टोपी. ऐश्वर्या कॉलेजला मोपेडवरून जाऊ लागली तेव्हा तिच्या आईनं, रत्नाबाईंनी, मला घरी आणलं. ऐश्वर्याचे वडील तेव्हा नुकतेच गेले होते. घर काकांचं, शब्द काकांचा. रत्नाबाईंच्या हातात एकच गोष्ट उरली होती, लेकीचा रंग.

“बटणं लाव गं वरपर्यंत. काळी पडलीस तर कोण उभं करंल तुला?”

“उन्हानं काळं पडतंय माणूस, आई, वाळून पापड न्हाय होत,” ऐश्वर्या म्हणायची. पण बटणं लावायची.

मी माझं काम चोख केलं. एक किरण आत येऊ दिला नाही. शेजारणी म्हणायच्या, “रत्नाबाई, पोरगी ठेवलीया बघा दुधासारखी!” रत्नाबाई फुलायच्या, आणि खरं सांगतो, मीही फुलायचो.

कॉलेज संपलं आणि ऐश्वर्या महाद्वार रोडवरच्या घरच्या मॅचिंग सेंटरात बसू लागली. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. साडी काउंटरवर पडली की ही मागं न बघता गठ्ठ्यात हात घालायची आणि नेमका तोच रंग ओढून काढायची. लाल रंग तर तिच्या खास ओळखीचा. कुंकवाचा, डाळिंबाचा, मिरचीचा, गाजराचा, बायका नुसतं “लाल द्या” म्हणायच्या आणि ही विचारायची, “कुणाकडचा लाल?” दुकान काकांच्या नावावर होतं आणि ऐश्वर्याच्या डोळ्यांवर चालायचं. हे काकांना माहीत होतं. म्हणूनच ते कधी बोलून दाखवत नव्हते.

एके दिवशी कुरुंदवाडच्या बयाबाई सुनेचा शालू घेऊन आल्या. जुनं गिऱ्हाईक. ऐश्वर्यानं कापड काढून दिलं. बयाबाईंनी ते शालूवर ठेवलं, उचललं, दारात उजेडाला नेलं.

“पोरी, ह्यो लाल न्हवं. विटकरी हाय.”

“लालच आहे की, मावशी.”

“मग माझं डोळं गेलं म्हण की!” बयाबाई हसल्या. ऐश्वर्या हसली नाही. तिनं एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. डाव्या डोळ्याला शालू लाल होता. उजव्याला तोच शालू धुऊन धुऊन विटलेला होता. त्या डोळ्याची बाहुली वळवली की आत दुखतही होतं.

पुढं तपासण्या झाल्या. शेवटी आम्ही मेंदूच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो. ऐश्वर्या, रत्नाबाई, काका, आणि ऐश्वर्याच्या मांडीवर घडी घातलेला मी. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की आपल्या नसांवर एक वेष्टण असतं. शरीराचे पहारेकरीच चुकून त्या वेष्टणावर तुटून पडतात, तो हा आजार. म्हणजे नसांनाही कोट असतो, मी मनात म्हटलं.

“आणि हे ‘ड’ कमी हाय म्हणून लिवलंय ते?” काकांनी विचारलं.

“ज्यांच्यात ते कमी असतं त्यांना हा आजार होण्याचा धोका थोडा जास्त दिसतो. पण एवढ्या एका कारणानं होत नाही, आणि ते भरून काढलं म्हणून बराही होत नाही. गोळी देते, सांगेन तेवढीच घ्यायची. दिवसाआडचं इंजेक्शन मात्र चुकवायचं नाही. आणि दुपारचं ऊन, ताप, गरम पाणी जपून. उष्णतेनं त्रास वाढतो.”

सहा वाक्यं होती. काकांनी घरी आणलं एकच, तेही अर्धं.

“ऊनच लागलं न्हाय पोरीला!” जिन्यातच त्यांनी निकाल दिला. “ह्या कोटानं घात केला.”

मित्रांनो, मला राग आला तो तिथं. मी काय खुंटीवरून उतरून, जिना चढून तिच्या अंगावर बसलो होतो? ‘काळी पडशील’ हे मी म्हणालो होतो? बटणं मी लावली होती? आणि माझ्यासारखे सनकोट या शहरात सिग्नलच्या प्रत्येक थांब्याला रांगेनं उभे असतात. त्या सगळ्या पोरींना का नाही झाला हा आजार? पण आळ घ्यायला कापडासारखं दुसरं कोणी नाही. कापड उलट बोलत नाही.

सुरुवातीच्या औषधांनी डोळा सुधारला. लाल परत आला. इंजेक्शनं सुरू झाली, ती फ्रीजमध्ये लोण्याच्या कप्प्यात असत. माझी खुंटी फ्रीजशेजारीच होती, म्हणून पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“ही काढ हितनं,” काका रत्नाबाईंना म्हणाले. “पावणं येणार. बायका फ्रीज उघडल्याबिगर ऱ्हातात व्हय?”

“अवो भावजी, गारच ठेवायची असत्यात ती.”

“चार दिस कपाटात ऱ्हायली म्हणून काय नासत्यात?”

नासली. आणि पाहुणे चार दिवसांत आले नाहीत. कधी त्यांच्याकडं सुतक, कधी मुलीची परीक्षा, येणार येणार म्हणत फाल्गुनाचा वैशाख झाला. नवीन इंजेक्शनं काकांनी आणू दिली नाहीत. “‘ड’च्या गोळ्या चालू हायत, वर ऊन हाय फुकटचं. पावणं होऊन जाऊ देत, मग बघू की.” ऐश्वर्या चिडली, भांडली. तेव्हा रत्नाबाईंनी तिचे हात धरले, “माझ्यासाठी गं बाळ. एवढं लगीन जमू दे.” आईच्या त्या दोन हातांपुढं तिचं काही चाललं नाही.

त्याच दिवशी मला खुंटीवरून काढून गच्चीवर नेलं आणि पाण्याच्या टाकीच्या गळक्या नळाला गुंडाळलं. तिथून मी रोज बघायचो. भर दुपारी ऐश्वर्याला सतरंजीवर बसवलं जायचं. कोवळ्या उन्हात नाही, कारण सकाळी दुकान उघडायचं असे. ऊन उतरेपर्यंत तिचा उजवा पाय जड व्हायचा. खाली जाताना ती भिंत धरायची.

आणि शेवटी पाहुणे आले, ते नेमके भर दुपारी.

“तू वरच बस,” काका म्हणाले. “ऊनबी लागंल, आणि पाय वडत चालतीस ते दिसायचंबी न्हाय.” एका गच्चीत दोन कामं! माणूस हिशेबी खरा.

खालून ताटांचे आवाज येत होते. कोणीतरी बाईमाणसानं विचारलं, “पुतणी कुठं दिसत न्हाय ती?”

“ऊन घेतीया वर. ‘ड’ जीवनसत्त्व कमी हाय तिचं.”

“अगं बाई! आमच्यात तर समद्यांचंच कमी हाय!” सगळे हसले. त्या हसण्यातच हिशेबाची चूक उघडी पडली होती. सगळ्यांचंच कमी असेल, तर वर एकटीच का जळतेय? पण ते विचारणार कोण? जिलेबी आली होती.

वर ऐश्वर्या उठायला गेली आणि पायच उठेनात. डोळ्यांपुढं पांढरं झालं. ती कोसळली, सरपटत टाकीच्या सावलीकडं आली आणि तिच्या हाताला मी लागलो. ओला, गार. तिनं मला ओढून काढलं, डोक्यावरून घेतलं, मानेला, छातीला गुंडाळलं. जो ऊन अडवतो म्हणून गुन्हेगार ठरला होता, तोच मी.

तेवढ्यात रत्नाबाई ताट घेऊन वर आल्या. ताट तिथंच ठेवून त्या धावल्या. हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं. जिन्याकडं बघितलं, खालचं हसणं ऐकलं, आणि लेकीच्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या,

“थोडं दम धर गं. निघालेतच ते.”

माझ्या आतून ऐश्वर्याचं अंग हललं. रडली असेल असं मला वाटलं. पण तिनं दोन्ही हात टेकले आणि गच्चीवरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली,

“मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे! माझी इंजेक्शनं बंद केल्यात यांनी! मला दवाखान्यात न्या!”

आधी केतन धावत आला, मागून पाहुणे. काका सगळ्यात शेवटी. पाहुण्यांतली, नवऱ्यामुलीची आई पदर खोचून ऐश्वर्याशेजारी बसली, माझं पाणी पिळून पुन्हा तिच्या कपाळावर धरलं.

“माझ्या मावसजावंला हायच की ह्यो आजार. शाळंत शिकवतीया. इंजेक्शन घेती आपलं.” मग तिनं वर काकांकडं बघितलं. “आमी काय न्हाय म्हटलं असतं व्हय? लपवलं कशापायी?”

काकांनी टोपी काढली, पुसली, परत घातली. केतननं ऐश्वर्याला उचललं आणि गाडीत नेलं. त्यानं आधीच तोंड उघडलं असतं, तर हे उचलणं वाचलं असतं.

अंग गार झाल्यावर पाय बराचसा परत आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उन्हानं वाढलेलं उन्हाबरोबर उतरतं. पण तपासणीत नवा डाग दिसला. औषध बंद होतं तेव्हा पडलेला. तो डाग उजव्या डोळ्याच्या नसेवर राहिला, आणि त्या डोळ्याचा लाल पुन्हा विटला.

ऐश्वर्या आता इंजेक्शनं स्वतः आणते आणि फ्रीजच्या पहिल्या कप्प्यात, दुधाशेजारी ठेवते. ‘ड’ची गोळीही घेते, सांगितली तेवढी. मला तिनं धुतलं, फाटलेली बाही शिवली. उन्हातून जायचं असलं की मला भिजवून, पिळून खांद्यावर घेते.

मित्रांनो, ‘मला जपा’ असं मी म्हणणार नाही. कापड पुन्हा विणता येतं. आजाराला त्याच्या पूर्ण नावानं हाक मारा, आणि डॉक्टरांचं बोलणं आणायचंच असेल तर सगळं आणा, आपल्या सोयीचं अर्धं नको.

आता शेवटचा हिशेब. केतनचं लग्न झालं, त्याच मुलीशी. काकांना सून मिळाली. पाहुण्यांना जेवण मिळालं. रत्नाबाईंना हवं होतं ते लगीन जमलं. नवरीच्या शालूला ब्लाउजपीस ऐश्वर्यानंच काढून दिला, उजवा डोळा तळव्यानं झाकून. दुकानातही ती आता तसंच करते; गिऱ्हाइकांना वाटतं, डोळ्यात काही गेलंय. तळवा काढला की शालू विटकरी होतो.

जे खरं सांगूनही मिळणारच होतं, त्याची किंमत तिनं भरली. एकटीनं. लाल रंगात.