डंपर माझ्यासाठी वाजत नाहीत

दसऱ्यापासून आमच्या कोळसा खाणीतले डंपर मला बघून वाजत नाहीत. मागे माणूस आला की भोंगा वाजावा म्हणून प्रत्येक डंपरला एक यंत्र बसवलंय. ते कुत्र्यासाठी वाजतं, चहाची किटली घेऊन येणाऱ्यासाठी वाजतं. माझ्यासाठी मात्र मिठाची गुळणी धरतं.

चूक पूजेत झाली. दसऱ्याला सगळे आपापली हत्यारं पूजेला मांडतात. मी डंपर मागे घेताना वाट दाखवणारा. माझं हत्यार म्हणजे हे दोन हात. म्हणून मोरेश्वर ड्रायव्हरनं चेष्टेत मलाच डंपरांच्या रांगेत उभं केलं, कपाळाला हळदकुंकू लावलं, हार घातला आणि पायाशी नारळ फोडला. मीही मोठा शहाणा, हसत उभा राहिलो.

यंत्र बदलून पाहिलं. नवंही गप्प.

"गाडी सोताच्या चाकाले पाहून वाजते का?" सुपरवायझर वाढईसाहेब म्हणाले. "तू आता गाडीत जमा हायस, पुरुषोत्तम."

त्यानंतर डंपर माझ्या जवळून जाऊ लागले, रोज आणखी जवळून. आधी शर्टाची बाही घासली, मग बटणं गेली. मला जीवाची भीती वाटू लागली. ग्रीसवाल्यानं जाता जाता माझ्या गुडघ्यांना ग्रीस लावलं. खोटं कशाला बोलू, गुडघे कुरकुरायचे थांबले.

घरी बायकोनं, वच्छलानं, धुतलेलं लुगडं माझ्या खांद्यांवर वाळत घातलं.

"वच्छला, मी हाओ ना."

"अगं माय! मले वाटलं दांडी हाय."

मग ती खाली बसून रडू लागली, आणि मलाही रडू आलं. कपाळावरचं कुंकू साबणानं जात नव्हतं. तिनं खोबरेल लावलं आणि कातडी सोलवटेस्तोवर पदरानं घासलं.

"उद्या वाजन भोंगा," ती म्हणाली. "नाही वाजला त मले सांगा."

सकाळी मी मोरेश्वरच्या डंपरमागे जाऊन उभा राहिलो. पाठीमागची कोळशाची भिंत काल बरीच लांब होती. आज ती खांद्यांना टेकली होती. डंपर मागे येऊ लागला. यंत्र गप्पच. माझ्या डोक्यापेक्षा उंच चाक दारासारखं समोर आलं.

आणि भोंगा वाजला. खाणीतली कुत्री शेपूट घालून पळाली, इतक्या जोरात वाजला. माझ्यासाठी! इतकं हायसं मला जन्मात वाटलं नव्हतं. डोळे भरून आले. आरशात मोरेश्वरचा चेहरा दिसला. त्याचा भोंग्यापेक्षा माझ्या हातांवर विश्वास, आणि हात सवयीनं वर जाऊन त्याला मागे बोलावत होते.

"येऊ दे," मी म्हणालो. "येऊ दे, येऊ दे."