व्हर्लिनने निवडलेले ब्रेक

फाल्कन गाडी वडिलांची. पासष्ट सालची, सहा सिलिंडरची, फिकट निळी. जाताना त्यांनी ती दोन्ही लेकरांच्या नावावर ठेवली आणि भांडणाची सोय करून गेले. आर्डिस क्वालेने एकतीस वर्षं शाळेची बस हाकली होती. तिच्या मते गाडी चालवायसाठी असते. तिचा धाकटा भाऊ व्हर्लिन हा गावातल्या जुन्या गाड्यांच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या मते गाडी कारखान्यातून आली तश्शी राहायसाठी असते. यात सहा वर्षं गेली.

मग जूनमधल्या एका रविवारी, पाण्याच्या डबक्यातून जाऊन आर्डिस लूथरन चर्चच्या उताराला लागली. तिने ब्रेक दाबला. ब्रेकच्या भिजलेल्या जुन्या ड्रमांनी काही धरलंच नाही, आणि धरलं तेव्हा एकाच बाजूने. गाडी डावीकडे वळून पाद्रीबाईंच्या रुबार्बच्या भाजीच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. पाद्रीबाई पायरीवर आल्या, वाफ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं.

"कॉफी घेतेस का, आर्डिस? आलीच आहेस तर."

त्याच दुपारी ती व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात बसली. "पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावायचे."

"मी मेल्यावर लाव."

"हे ब्रेक असेच राहिले तर फार थांबावं लागायचं नाही. पुढच्या खेपेला वाफ्यात तू उभा असशील."

"बाबांनी याच ड्रमांवर जन्म काढला."

"बाबा कधी ताशी तीस मैलांच्या वर गेले? मागे ट्रॅक्टर भोंगे वाजवायचे आणि तू लाजून सीटखाली शिरायचास."

व्हर्लिनने बशीतला लेफ्सा, बटाट्याच्या पातळ पोळ्या, तिच्यापासून दूर सरकवला. याचा अर्थ विषय संपला.

आर्डिसने तो संपू दिला आणि दुसऱ्या दिवशी गेलनच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली. गेलन आता पन्नाशीचा, पण चौथीत असताना त्याने तिच्या बसमध्ये गवत्या साप सोडला होता, आणि ते तिने त्याच्या आईला आजवर सांगितलं नव्हतं. त्यामुळे तो तिला फार आदराने वागवी.

त्याने तीन किट काढली. पहिल्यात चाक बसवायचे पाच नटांचे हब. "आमच्या चाकाला चार नट," ती म्हणाली. "हे घेतलं तर चाकंच बदलावी लागतील. व्हर्लिन नट मोजतो." दुसऱ्याची चकती एवढी मोठी की चौदा इंची चाकात मावलीच नसती. तिसरं चार नटांचं, जुन्या चाकाच्या आत मुकाट बसणारं, चाकांच्या टोप्या लावल्या की बाहेरून काहीच न दिसणारं. सोबत ब्रेकचं तेल ढकलणारा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. म्हणजे एका कप्प्याचं तेल गळलं तरी दुसरा कप्पा गाडी धरणार. ब्रेकच्या नळ्या यातच आहेत का, मागच्या ड्रमांचा जोर बेताचा राहील असा व्हॉल्व्ह आहे का, पॅड झिजले तर पुढच्या वर्षी मिळतील का, हे तिने विचारून घेतलं. दहा मिनिटांत तिचं ठरलं.

"बांधून देऊ?" गेलनने विचारलं.

"थांब. आता तुझ्याकडचं सगळ्यात भडक किट दाखव."

गेलनला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तो आनंदाने गोदामात पळाला.

बुधवारी तिने आणि गेलनने मिळून व्हर्लिनच्या टेबलावर दोन खोकी मांडली. एकात साधं किट. दुसऱ्यात चकती पकडणारे लालभडक कॅलिपर, भोकाभोकांच्या चकत्या आणि अठरा इंची चकाकत्या चाकांचं चित्र.

"मी हे लाल घेतेय," आर्डिस म्हणाली. "अर्धी गाडी माझी आहे. माझा अर्धा भाग पुढचा."

व्हर्लिन चित्राकडे बघत राहिला. त्याच्या कानांचा रंग कॅलिपरशी जुळला.

"गेलन, हे दुसरं काय आहे?"

"ते होय? ते काही बाईंना आवडलं नाही," गेलन गंभीरपणे म्हणाला. "फारच लपून बसतं."

मग व्हर्लिन टेप घेऊन गॅरेजात गेला. दोन तास गाडीखाली होता. चाक मोजलं, टोपी मोजली, कागद दोनदा वाचला. बाहेर आला तेव्हा गुडघे काळे आणि चेहरा विजयी.

"हे साधंच बसेल. यापुढे एक पाऊल नाही."

"इतकं मिळमिळीत?"

"आर्डिस, मी अध्यक्ष आहे."

तिने मोठा सुस्कारा टाकला. "घे बाबा. तुझ्याच मनासारखं होऊ दे." आणि लगेच लेफ्साची बशी पुढे ओढली.

तीन शनिवार बसवण्यात गेले. जुने ड्रम व्हर्लिनने तेलकट कागदात गुंडाळून, वर तारीख घालून फळीवर ठेवले. मग चर्चच्या उतारावर चाचणी झाली. गाडी तो चालवत होता, आर्डिस शेजारी. सवयीप्रमाणे त्याने सगळा भार टाकून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत थांबली. मंडळाच्या जेवणासाठी मागच्या सीटवर ठेवलेलं बटाट्याचं हॉटडिश, भट्टीत भाजलेलं भांडंभर, मात्र पुढे आलं.

दोघांनी मुकाट्याने बटाटे वेचले.

जेवणात व्हर्लिन उठून उभा राहिला आणि किट कसं निवडावं यावर अर्धा तास बोलला. चार नट, चौदा इंच, दोन कप्पे. "हे मी पहिल्यापासून म्हणत होतो," तो म्हणाला तेव्हा गेलनला ठसका लागला आणि तो तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. आर्डिस शांतपणे सगळ्यांना कॉफी वाढत राहिली. तिला आतून एवढं हसू येत होतं की किटली दोन्ही हातांनी धरावी लागली.

परतताना गाडी तिने चालवली. खाली नदीचं वळण आलं तसा व्हर्लिन खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तू मला बनवलंस का?"

"हो."

"गेलनपण सामील?"

"त्याचा इलाज नव्हता."

"एप्रिलमध्ये मीसुद्धा त्याच उतारावरून घसरलो होतो," तो म्हणाला. "शाळेच्या कुंपणाला जरा लागलं. रात्रीत कुंपण रंगवून टाकलं."

आर्डिसने गाडी कडेला घेतली, कारण हसताना तिला रस्ता दिसेना. व्हर्लिन आधी रागावून बसला, मग तोही हसायला लागला. जरा वेळाने त्याने हळूच विचारलं, "आता मंडळाला काय सांगायचं?"

"काही नाही. तुझं भाषण चांगलं झालं," ती म्हणाली, आणि पहिला गिअर टाकला.