त्रुटीबाईंचा मेमो

पासवर्ड टाकून झाला, पान कोरंच राहिलं, आणि आपण फसलो हे त्रुटीबाईंच्या लक्षात आलं.

मेलमध्ये एवढंच होतं: ‘आपल्या अहवालात त्रुटी आढळली आहे. येथे पाहा.’ जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या त्रुटी काढणाऱ्या त्या अंतर्गत तपासनीस. ऑफिसनं नावच तसं पाडलेलं. आपल्या अहवालात त्रुटी? पाठवणारा कोण हे बघायलाही त्या थांबल्या नाहीत.

खोट्या मेलला कोण भुलतं याची गुपचूप चाचणी घ्या, असं त्यांनीच सुचवलं होतं. भुलेल त्याला मेमो, हे कलमही त्यांचंच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

चाचणी असेल तर आपली अब्रू जाईल, एवढंच. पण खरा चोर असेल तर साऱ्या ऑफिसचं दार आपणच उघडून दिलंय. त्यांनी खालच्या मजल्यावर कॉम्प्युटरची सुरक्षा बघणाऱ्याला फोन लावला.

“अरे, एका मेलमधलं ‘येथे पाहा’ मी दाबलं. पासवर्डही देऊन बसले.”

 पलीकडून हसू आलं.

“बाई, गळ माझाच होता. चाचणीच ती.”

बाईंनी खुर्चीत अंग सोडून दिलं. चोर नव्हता. किती हायसं वाटलं! मग मेमो आठवला.

“मेमोची सुरुवात माझ्यापासूनच कर मग.”

“कसला मेमो? सकाळपासून निम्म्या ऑफिसनं दाबलंय. फोन करणाऱ्या तुम्ही पहिल्या. हल्लीचं संशोधन हेच सांगतंय, बाई. फसले किती ते मोजू नका, आपणहून सांगितलं किती जणांनी ते मोजा. मेमोला घाबरून माणसं गप्प बसतात. चोराला तेच हवं असतं.”

बाईंना ते झोंबलं. पण खोडण्यासारखं त्यात काही सापडेना, म्हणून त्यांनी आपलं कलमच खोडायचं ठरवलं. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आज आलेल्या खोट्या मेलला मी फसले. मेमो कुणालाही नाही. दाबलं असेल त्यानं खाली कळवा.”

 शेवटी टायपिस्ट आली. एरवी बाई जवळून गेल्या तरी ती हातातला चहा लपवायची.

“बाई, मीपण.”

“तुला काय लिहिलं होतं?”

“रजा मंजूर झाली म्हणून.”

“एवढ्या लवकर होते का कधी? तिथंच ओळखायचंस की.”

टायपिस्ट हसली. चहाचा कप बाईंच्या टेबलावर ठेवून ती समोरच्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीत आजवर बोलावल्याशिवाय कुणी बसलं नव्हतं.