काठावरचं वजन

मगरबाईच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट.

मगरबाई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. शहरातल्या छपराखालच्या तलावावर ती पोहायला शिकवायची. पाण्याखालून गुपचूप येऊन मुलांचे वाकडे पाय धरायची नि सरळ करायची, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं. ती मुलं मोठी झाली, त्यांची मुलं शिकायला आली, नाव मात्र टिकलं. पुढं घरातही तेच चाललं. सोबत राहणारी थोरली नणंद लाडात आली की 'मगरे' म्हणायची आणि रागावली की 'वहिनी'. त्यामुळे वन्संचा पारा किती चढलाय ते पहिल्याच शब्दात कळायचं.

तर त्या दिवशी मगरबाई रजा घेऊन घरीच होती. सकाळी फोन वाजला. लेकीच्या दवाखान्यातला असणार हे ओळखून मगरबाई स्वयंपाकघरातून धावत सुटली, दारातलं पायपुसणं सरकलं आणि ती हातावर आपटली. तशीच सरपटत गेली, डाव्या हातानं फोन उचलला. दोन्ही मुली, तिघीही खुशाल, एवढं ऐकून तिच्या डोळ्यांना धार लागली. फोन ठेवल्यावर तिनं खाली पाहिलं तर उजवं मनगट वाकड्या चमच्यासारखं झालेलं.

घरात एकच धांदल उडाली. नवऱ्याला आधी गोड काही आणावं की गाडी बोलवावी ते सुचेना. तो तलावाचा बॉयलर सांभाळायचा, यंत्र बिघडलं तर त्याचं डोकं शांत राहायचं, माणूस बिघडलं की तो घरभर नुसत्या येरझाऱ्या घालायचा. वन्सं टपालाची पिशवी खांद्याला अडकवून निघालेल्याच होत्या. त्यांनी पिशवी टेकवली, वहिनीचा हात उशीवर बांधला आणि बांधता बांधता सुनावलं की जन्मभर ओल्या फरशीवर नाचलीस तिथं कधी घसरली नाहीस, आणि कोरड्या घरात पायपुसण्यानं लोळवलं तुला.

हाडांची डॉक्टर वयानं मगरबाईच्या लेकीएवढी होती. तिनं हात सरळ करून प्लास्टर घातलं आणि मग विचारत बसली. पाळी कधी गेली? बेचाळिसाव्या वर्षीच. दूध? वासही सहन होत नाही. ऊन? दिवस उजाडायच्या आत तलावावर जाते, दिवे लागल्यावर बाहेर पडते. आई? आई शेवटी शेवटी कमरेतून अशी वाकली होती की समोरच्याच्या चपला बघून माणूस ओळखायची. सगळे म्हणत, वय झालं, बाक आलाच.

"घरात नुसतं घसरून पडलात नि हाड मोडलं, म्हणजे आधीच आतून पोखरलेलं असू शकतं," डॉक्टर म्हणाली आणि तिनं तपासणी करायला लावली.

तपासणीत दुखण्यासारखं काही नव्हतं. टेबलावर निजायचं, वरून यंत्राचा एक हात सरकत जातो, झालं. पण उत्तर दुखण्यासारखं होतं. मगरबाईचा मणका नि खुबा दोन्हीकडची हाडं ठिसूळ झाली होती. डॉक्टरनं समजावलं की हाड म्हणजे मेलेला खांब नव्हे. तिथं रोज थोडी पाडापाडी चालते आणि रोज थोडं बांधकाम. पाळी गेली की पाडणारे गवंडी चेकाळतात आणि बांधणारे सुस्तावतात. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो पायपुसण्यावर.

तिनं आठवड्याची एक गोळी लिहून दिली. उपाशीपोटी, पेलाभर पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. दूध नको तर दही घ्या, पालेभाज्या, तीळ, काट्यासकट खायचे बारीक मासे. ऊन अंगावर घ्या. बाहेर पुढचा पेशंट कण्हत होता, म्हणून उठता उठता ती म्हणाली, "आणि व्यायाम. तो भरपूर हवा."

हे ऐकलं आणि मगरबाईचा जीव भांड्यात पडला. व्यायाम म्हणजे तर तिचं घरचं कार्य.

प्लास्टर निघालं तशी ती पाण्यात उतरली ती जणू बाहेर यायचंच नाही अशी. आधी पोहायची त्याच्या दुप्पट पोहू लागली. दुपारची डुलकी बंद केली, तो वेळही पाण्यात घालवला. बोटांची कातडी सुरकुतून गेली, केसांना तलावात टाकायच्या औषधाचा वास कायमचा चिकटला. लेक फोनवर म्हणायची, आई, जरा पडून राहा, हाडं मोडतील. त्यावर ही सांगायची की हाडं मोडू नयेत म्हणूनच तर चाललंय सगळं.

एवढी घाई कशासाठी, ते तलावावर सगळ्यांना ठाऊक होतं. पुढच्या हंगामाआधी जावई काढायचा होता.

हा जावई म्हणजे रबराचा एक बाहुला. पोटात वाळू भरलेला, माणसाच्या आकाराचा. तो तळाशी सोडायचे. शिकवणाऱ्या प्रत्येकानं बुडी मारून त्याला वर आणायचं, काठाशी ओढायचं आणि पाण्याबाहेर उचलून बाकावर निजवायचं. जो हे करील त्यानं शिकवायचं, असा नियम. स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यांनी उचलून न्यायचं आणि अलगद बसवायचं, म्हणून कामगारांनी त्याला जावई म्हणायला सुरुवात केली होती. मगरबाईनं तो दर वर्षी उचलला होता, तोही चेष्टामस्करी करत. यंदा व्यवस्थापकानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की हाताचं कळलं, काळजी करू नका, जमलं नाही तर तिकीटखिडकी तुमचीच. माणूस चांगुलपणानं बोलला. मगरबाईच्या मात्र ती काचेमागची खुर्ची डोळ्यांपुढं आली. पाण्याचा आवाज ऐकत सुट्टे पैसे मोजायचे, यापेक्षा तलाव सोडलेला बरा, असं तिनं वन्संना सांगितलं.

तीन महिन्यांनी ती डॉक्टरकडे गेली ती शाबासकी घ्यायला. वन्संही सोबत होत्या. डॉक्टरनं मनगट फिरवून पाहिलं, ताकद पाहिली, खूश झाली. व्यायाम काय करता, असं तिनं विचारलं. मगरबाईनं छाती काढून सांगितलं. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं.

"पोहणं थांबवू नका," ती म्हणाली. "हृदयाला चांगलं, स्नायूंना चांगलं. पण हाडांसाठी त्यातून फारसं हाती लागत नाही. हाडाला वजन लागतं. त्याच्यावर भार पडला तरच ते स्वतःला बांधायला घेतं. पाण्यात तुमचा भार कोण घेतं?"

मगरबाईला तलावावरचा जावई आठवला. तळाशी पडलेला जावई ती एका हातानं वर आणायची, पिसासारखा. काठापर्यंत त्याचं काही वाटायचं नाही. त्याचे खांदे पाण्याबाहेर आले की मग खरं वजन हातात यायचं, आणि दरदरून घाम फुटायचा. इतकी वर्षं हे तिच्या हातांना माहीत होतं. डोक्यात आत्ता शिरलं.

"म्हणजे माझी हाडं जन्मभर जावई होऊन बसली," ती म्हणाली. "सगळं पाण्यानंच उचललं."

डॉक्टरला जावई कोण ते कळेना. वन्संनी सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की बाहेरची नर्स डोकावून गेली. मग डॉक्टरनं वन्संकडे पाहिलं, त्या करतात काय ते विचारलं, आणि टेकडीवरच्या वस्तीचं टपाल वाटतात हे कळल्यावर मगरबाईला म्हणाली की तुमचा व्यायाम तुमच्या घरातच राहतो की.

परतीच्या वाटेवर मगरबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वाईट बातमी ऐकून आलेली बाई अशी चालत नाही. पण तिला वाटत होतं की आपण हरलो नाही, चुकीच्या मैदानात खेळत होतो, एवढंच. वन्संनी मात्र संधी साधली.

"मगरे, मी तुला टेकडीच्या पायऱ्या शिकवते," त्या म्हणाल्या. "पण फुकट नाही. तू मला पाणी शिकव."

मगरबाई थांबलीच. ह्या बाईनं लहानपणी हौदात गटांगळ्या खाल्ल्यापासून गुडघ्यावर पाणी पाहिलेलं नव्हतं. नळाखालच्या बादलीशीसुद्धा जपून वागायची. पण पुढच्या वर्षी वन्सं निवृत्त होणार होत्या. टेकडी सुटली की घरात बसून बुरशी धरेल, काहीतरी नवं हवं, असं त्यांच्या मनात कधीचं घोळत होतं.

हंगाम अजून सुरू व्हायचा होता, मगरबाईला सकाळचा वेळ मोकळा होता. दुसऱ्या दिवसापासून टेकडीवरच्या लोकांना मौज झाली. पुढं वन्सं टपालाची पिशवी घेऊन, मागं मगरबाई पाठीवर पिशवी लावून. सरकारी टपालाला परक्याचा हात लागता कामा नये, म्हणून तिच्या पिशवीत बटाटे. आधी मूठभर, मग हळूहळू वाढवत. वरच्या घरातला म्हातारा शिंपी रोज विचारायचा, "आज माझं पत्र कुठल्या बाईकडे?" पहिल्या आठवड्यात मगरबाईची अशी दमछाक व्हायची की पायरीवर बसून ती चढणाऱ्या पोरांना वाट द्यायची. जी बाई पाण्यात तासन् तास दमत नव्हती तिला पायऱ्यांनी नमवलं. वन्सं वरून बघायच्या, हातांनी खुणावायच्या, पण मागं येऊन हात द्यायच्या नाहीत. उन्हात मात्र दोघी मिळून बसायच्या, बाह्या वर करून.

दवाखान्यातल्या दाढीवाल्या व्यायामशिक्षकानं तिला वाकायला नव्यानं शिकवलं. पाठ गोल करून ओझं ओढायचं नाही, ठिसूळ मणका तिथंच दबतो. गुडघे मोडायचे, खुब्यातून झुकायचं, ओझं अंगाशी घ्यायचं आणि मांड्यांच्या जोरावर उठायचं. टाचा उचलून धपकन टेकायच्या, तेही त्यानंच सांगितलं. दात घासताना ती एका पायावर उभी राहू लागली, तोल पक्का व्हावा म्हणून. नवरा म्हणाला, मगरीचा बगळा झाला. पण त्याच माणसानं कुणी न सांगता घरातली सगळी पायपुसणी उचलून टाकली आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा ठोकला.

दुपारी तलावाच्या उथळ बाजूला उलटी गंमत. वन्सं कठडा सोडायला तयार नसायच्या. नाकात पाणी गेलं की थेट 'वहिनी'वर यायच्या. मगरबाईनं घाई केली नाही. पाठीखाली तळहात धरून ती एवढंच सांगायची, वन्सं, वजन द्या पाण्याला, मला नको. एके दिवशी तिनं हात काढून घेतला आणि वन्संना कळलंच नाही. छताकडे बघत त्या तरंगत राहिल्या, आणि कळलं तेव्हा एवढ्या मोठ्यानं हसल्या की बुडाल्या.

जावयाच्या दिवसाआधी मगरबाई परवानगी घ्यायला डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं तिला वाळूची पोती उचलायला लावली, पाठीवरून हात फिरवला, आणि एका अटीवर हो म्हटलं. पाठीत चमक आली तर तिथंच सोडायचं. मान महत्त्वाचा नाही, मणका महत्त्वाचा.

त्या दिवशी सगळा तलाव काठावर जमला होता. जावई तळाशी निवांत पडलेला. मगरबाई उतरली, बुडी मारली, बाहुल्याला काखेत धरून वर आली. लोकांच्या टाळ्या. काठाशी तिनं त्याचे हात फरशीवर टेकवले, त्यांना एका हातानं दाबून धरत स्वतः बाहेर आली, गुडघे मोडून बसली. आता खरं. पूर्वी ती पाठीच्या एका हिसक्यात ओढायची. आता तिनं श्वास घेतला, खुब्यातून झुकली आणि बाहुल्याला छातीशी आवळलं.

इतक्यात बाजूला मोठा धपका झाला. वन्संना काठावर राहवलं नव्हतं. पुढं वाकून बघता बघता ओल्या फरशीवरून त्या घसरल्या होत्या, आणि तेही खोल बाजूला. बायका ओरडल्या. व्यवस्थापक बूट काढायला लागला. मगरबाईचे हात सैलावले.

पाण्यातून आवाज आला. वन्सं पाठीवर तरंगत होत्या, पातळाचा फुगा झालेला, चष्मा गेलेला, हात पसरलेले.

"वहिनी, माझ्याकडे काय बघतेस? मला पाण्यानं धरलंय. आधी जावयाला काढ."

मगरबाई उठली. मांड्या थरथरल्या, पोटऱ्या ताठ झाल्या, पाठ सरळ राहिली. सगळं वजन तिच्या अंगावर आलं आणि तिच्या अंगानं ते घेतलं. चार पावलं मागं जाऊन तिनं जावयाला बाकावर निजवलं. पाठीत चमक नव्हती. होता तो नुसता आनंद, आणि तो कुठं ठेवावा ते न कळून ती तशीच परत पाण्यात उडी मारून वन्संपाशी गेली. दोघी शिडीपर्यंत कशा आल्या ते कुणी धड पाहिलं नाही, कारण हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. व्यवस्थापक एका पायात बूट घालून टाळ्या वाजवत होता.

पुढच्या तपासणीत हाडं काही तरुण झाली नव्हती. मणक्यात थोडी सुधारणा, खुबा होता तिथंच. डॉक्टर म्हणाली, घसरण थांबली, हाच मोठा विजय. मगरबाई निवृत्त होईपर्यंत शिकवत राहिली, दर वर्षी जावई काढत राहिली. टेकडीच्या पायऱ्या दोघींनी त्यानंतरही सोडल्या नाहीत, टपाल दुसरं कुणी वाटू लागलं तरी.

वन्सं एकोणऐंशीव्या वर्षी हिवाळ्यात छातीच्या तापानं गेल्या. मगरबाई त्यांच्यानंतर सहा वर्षांनी, ब्याऐंशीव्या वर्षी, दुपारच्या झोपेत गेली. त्या मनगटानंतर तिचं एकही हाड मोडलं नव्हतं.