फळ्यांमागची शेकोटी

मित्रांनो, वेल्समधल्या एका डोंगरगावात, खाणकामगाराच्या घरात मी राहते. मी जुनी शेकोटी आहे, उघड्यावरची नव्हे, भिंतीतली. इदवालने मला स्वतःच्या हातांनी बांधले. ज्या खाणीत तो पाटीचा दगड फोडायचा, तिथलीच एक काळी-निळी लादी त्याने माझ्या माथ्यावर बसवली.

माझ्यावर किटली उकळायची, खाणीतून आलेले ओले मोजे वाळायचे. इदवालची बायको लवकर गेली. घरात तो, लहानगी नेस्टा आणि मी. दर हिवाळ्याआधी तो माझ्यात डोके घालून धुराड्यातून वर बघायचा. आभाळाचा तुकडा दिसला की म्हणायचा, "घसा मोकळा आहे गं बाईचा!"

नेस्टा सात वर्षांची असताना, नाताळच्या आदल्या दुपारी तिने विचारले, "बाबा, शेकोटीवर बर्फ पाडू?"

"पाड की. तुझंच घर आहे!"

तिने लादीवर कापूस पसरला आणि त्याखाली रंगीत कागदाच्या साखळ्या लावल्या. मधोमध कागदी देवदूत ठेवला. इदवाल कौतुकाने म्हणाला, "वा गं वा! राणीसाहेबांचा महालच की हा!" मग तो कोळसा आणायला मागे गेला.

कापसाचे एक टोक खाली माझ्या जाळाकडे लोंबत होते. मला ते दिसत होते, पण मला बोलता कुठे येते? एक ठिणगी उडाली. कापूस भसकन पेटला आणि साखळ्यांवरून जाळ सरसर पळाला. देवदूताला वाचवायला नेस्टाने हात घातला. तिची बाही पेटली.

इदवालने धावत येऊन तिला सतरंजीत गुंडाळले. हात वाचला, पण मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी कायमची आकसली.

तिसऱ्या दिवशी तो फळ्या आणि खिळे घेऊन आला. "तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाही," एवढेच तो म्हणाला. शेवटच्या फळीबरोबर उजेड गेला.

मित्रांनो, एकसष्ट वर्षे मी त्या अंधारात होते. माझ्यातली राख दगडासारखी घट्ट झाली. वरून पाऊस ठिबकायचा. कावळ्यांनी धुराड्यात काड्या टाकून टाकून माझा घसा पार बुजवला. फळीपलीकडे विजेचा हीटर गुणगुणायचा. दर नाताळला बशा वाजायच्या, गाणी व्हायची. मी जिथल्या तिथे. एकदा फळीवर नख घासल्याचा आवाज आला. नेस्टा कुजबुजली, "कापूस मीच लावला होता गं. आणि कोंडलं तुला."

बापाला तिने हे कधीच सांगितले नाही. आपण 'पाड की' म्हणालो, हे त्यालाही कधी बोलता आले नाही. दोघे माझ्यासमोर बसून गप्प जेवायचे. इदवाल तसाच गेला.

गेल्या वर्षी नाताळच्या चार दिवस आधी बर्फाने विजेच्या तारा तुटल्या. नेस्टाच्या चुलतभावाची मुलगी लोवरी सणाला आली होती.

"आत्या, बोटं निळी पडलीत तुझी! फळ्यांमागे शेकोटी असताना आपण कुडकुडत बसायचं?"

"तिला हात लावायचा नाही."

"मग तू काय, तुपासारखी गोठून बरणीत बसणार आहेस?"

नेस्टाने आपल्या निळ्या बोटांकडे पाहिले. मग उठून तिने बापाची पहार आणली. पहिला खिळा तिनेच उपटला.

उजेड आत आला. मला लाज वाटली, इतकी मी काळी झाले होते. लोवरीने कागद कोंबले, वर फळ्यांचे तुकडे रचले आणि काडी ओढली. एकसष्ट वर्षे मी याच काडीची वाट पाहत होते. आणि आता ती विझावी म्हणून तळमळत होते. घसा बंद होता. गारठा येऊ नये म्हणून खिडक्यांच्या फटीत कपडे कोंबले होते. सगळा विषारी धूर त्या दोघींच्याच अंगावर गेला असता.

"थांब!" नेस्टा गुडघ्यांवर बसली. वाकून तिने वर पाहिले. "आभाळ दिसत नाही."

"अगं, आज आभाळ आहेच कुठे?"

"लोवरी, काडी विझव म्हटलं ना!"

काडी विझली. त्या रात्री दोघी शेजाऱ्यांकडे झोपायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी धुराडी साफ करणारे प्रॉसर आले. त्यांनी चार पोती काड्या काढल्या, विटांच्या भेगा बुजवल्या आणि वर जाळी बसवली. जाताना म्हणाले, "बाई, काल ही पेटवली असतीत, तर आज मी पोती नसती उचलली. तुम्हा दोघींना उचललं असतं."

लोवरी देवदाराच्या फांद्या, नाताळात टांगायचे मोजे आणि मेणबत्त्या घेऊन सजवायला आली. नेस्टाने फांद्या खिडकीकडे वळवल्या, मेणबत्त्या न पेटवता बाजूला ठेवल्या. मोजे जिन्याच्या कठड्याला गेले. माझ्या माथ्यावर दगडाचे गोटे आणि पत्र्याची एक चांदणी एवढेच राहिले. पुढ्यात लोखंडी जाळी आणि बाजूला वाळूची बादली.

"आत्या, हा नाताळ आहे की खाणीचं कोठार?"

"जाळ असेल तिथे कागद नाही आणि कापूस नाही. फार हौस असेल तर विझवून, गार करून सजव. दोन्ही एकदम नाही." मग ती हळूच म्हणाली, "मी लावला होता कापूस. सात वर्षांची होते मी."

हे वाक्य तिने पहिल्यांदाच माणसासमोर उच्चारले. लोवरीची थट्टा थांबली. तिने आत्याचा हात हातात घेतला.

विस्तव नेस्टाने पेटवला. धूर सरळ वर गेला. मित्रांनो, तो मोकळा श्वास मला सांगता येणार नाही.

संध्याकाळी लोवरीने आतून हाक मारली, "आत्या, जेवायला ये ना! सूप गार होतंय."

"ताटं इकडेच आण," नेस्टा म्हणाली. "पेटती असताना हिला एकटीला सोडायचं नाही."

मित्रांनो, तुमच्या घरात चूल असेल, समई असेल, नाहीतर दिवाळीची पणती असेल. आमच्यासाठी तेवढे करा. पेटवलेत की जवळ बसा.