दिवसा रिकामी बाज

मित्रांनो, गोठ्याच्या माळ्यावर कडब्याआड एक जुनी बाज उभी करून ठेवली आहे. ती मी. माझा जन्म कृष्णाकाठच्या एका गावात, अर्जुना सुताराच्या अंगणात झाला. त्याने बाभळीचे पाय तासले, चौकट ठोकली आणि सुंभाने मला घट्ट विणले. मला वाटले, आता दमलेली माणसे माझ्यावर अंग टाकतील, चार सुखाच्या गोष्टी बोलतील. पण मी जाऊन पडले तात्याबांच्या घरी! तिथे दमणे हाच गुन्हा होता.

तात्याबा म्हणजे कामाचा वाघ. ऊस, गुऱ्हाळ, जनावरे. त्यांचे हात कधी मोकळे दिसायचे नाहीत. गाव कौतुकाने म्हणे, "तात्याबाची पाठ दिवसा कुणी टेकल्याली बघितली न्हाई." त्या कौतुकावरच ते जगत. पहाट झाली की मला भिंतीला उभी करत. दिवसा माझ्यावर पडायची मुभा फक्त बाळंतिणीला.

एकदा त्यांच्या बायकोला, राहीबाईला, सणकून ताप भरला. ती घटकाभर टेकली, तोच दारात वहाणा वाजल्या. बिचारी धडपडत उठली आणि सूप हातात घेऊन पाखडू लागली. सुपात दाणा नव्हता. मला रडू आले, पण लाकडाच्या रडण्याला लोक कुरकुर म्हणतात.

मोठी लढाई संपली आणि त्यांचा मुलगा हंबीरराव पलटणीतून सुटून घरी आला. रात्री त्याचा डोळा लागत नसे. भांडे पडले तरी तो दचकून उठे. दिवसा जरा झापड आली की माझ्यावर येऊन पडे. मला किती बरे वाटायचे! पण वाटेने जाणारा जो तो डोकावून विचारी, "काय हंबीरराव, सध्या काय चाललंय?" हा प्रश्न त्याच्यापेक्षा तात्याबांनाच जास्त झोंबे.

एका दुपारी ते शेतातून आले, तर हंबीरराव गाढ झोपलेला. कित्येक दिवसांनी त्याला तशी झोप लागली होती. तात्याबांनी माझा पाय धरून मला गदागदा हलवले.

"ऊठ! बाळंत झालायस व्हय रं?"

"आबा, रातची झोप लागंना..."

"काम कर, लागंल झोप! पलटणीत हुतास तवा लोकांस्नी सांगाय तोंड हुतं. आता कोण म्हणून सांगू तुला?"

हंबीरराव उठला आणि त्याने मला भिंतीला उभी केली. संध्याकाळच्या मोटारीने तो निघून गेला. पाचगणीच्या एका शाळेत त्याने पहारेकऱ्याची नोकरी धरली, असे पुढे कळले. राहीबाई कितीतरी दिवस माझ्या सुंभावरून हात फिरवत बसे आणि कुणी आले की झटकन उठून केर काढू लागे.

पुढच्या हंगामात तात्याबा गुऱ्हाळावरच चक्कर येऊन कोसळले. वैद्यांनी नाडी पाहिली आणि अंथरुणातून उठायचे नाही म्हणून बजावले. लोकांनी उचलून त्यांना माझ्यावर आणून घातले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही! अंगणात चाहूल लागली की ते कण्हत उठून बसत, उशाखालचा अंबाडीचा वाख ओढत आणि दोरी वळू लागत. माणूस गेला की दोरी हातातून गळून पडे.

हळूहळू माणसे यायचीच थांबली. त्यांचे सगळ्यांशी बोलणे कामापुरते. काम सरल्यावर कोण कशाला येईल? दिवसभर ते आणि मी. एकदा आढ्याकडे बघत ते पुटपुटले, "काम गेलं. आता म्या कोण रं?" मला विचारले की स्वतःला, कळले नाही.  इतकी वर्षे रिकामी उभी राहून मीही तोच विचार करत होते.

राहीबाईने त्यांना न विचारताच पाचगणीला निरोप धाडला. एके दिवशी भर दुपारी ओसरीवर बूट वाजले. तात्याबांचा हात सवयीने उशाखाली गेला, वाख बाहेर आला. दारात हंबीरराव उभा होता. तो वाळला होता आणि त्याचे डोळे खोल गेले होते.

"काय करताय, आबा?"

तात्याबा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी वाख खाली टाकला.

"काय न्हाई रं. पडलोय." ते मोठ्या कष्टाने भिंतीकडे सरकले. "तू बी पड हितं. कोण आलं इचाराय तर म्या सांगतो, लेक झोपलाय माझा."

हंबीरराव बुटांसकट आडवा झाला, तो तिन्हीसांजेपर्यंत हलला नाही. दोघांच्या भाराने माझे सांधे निखळायला आले होते, पण त्या दिवशी मी जराही कुरकुरले नाही.

रजा संपली आणि तो परत गेला. पावसाळ्याआधी तात्याबाही गेले. मला माळ्यावर टाकले. आता सुंभ कुजला आहे, फार एकटे वाटते. मला खाली काढा असे म्हणत नाही मी. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी दमून भर दुपारी पडला असेल, तर त्याला काय करतोस म्हणून विचारू नका. पायातले बूट तेवढे हळूच काढा आणि दार लोटून घ्या.